न घातलेलं विष

आमच्या मांजरीला कुणीही विष घातलं नव्हतं. हे वाक्य मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना माझा हात पुन्हा आडवळणाला जाणार नाही याची मला खात्री नाही. कामतघरच्या आमच्या गल्लीत आजही बहुतेकांना विचारलं तर घातलं होतं असंच सांगतील, आणि कुणी घातलं तेही सांगतील. त्या सगळ्यांना ते माझ्याकडूनच कळलेलं आहे.

मी सायझिंगमध्ये सुपरवायझर होतो. लूमवर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात, तो हा कारखाना. काम खळीचं असलं तरी मला पगार मिळायचा तो डोळ्यांचा. सुताचे गुंडाळलेले कोन कोण पळवतो, ड्युटीवर कोण झोपतो, यावर लक्ष ठेवायचं. गेटमधून बाहेर पडणाऱ्याच्या चालीवरून मी त्याच्या पिशवीत काय आहे ते ओळखायचो, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचो. बहुतेक वेळा बरोबर निघणं ही वाईट सवय आहे. निवृत्त झाल्यावर त्या डोळ्यांना काम उरलं नाही, तेव्हा ते गल्लीकडे वळले.

मांजर बायकोची. पिल्लू असताना पाण्याच्या पिंपामागे येऊन बसली आणि तिथलीच झाली. माझी बायको वडप्याच्या पलीकडच्या गावची. तिच्या माहेरी घरात मांजर असणं म्हणजे दाराला कडी असण्यासारखं होतं, त्यात लाडाचा भाग नव्हता. पण मुलं आपापल्या घरी गेल्यावर लाडही आला. मांजरीसाठी अंथरूण मात्र मी केलं. आंब्याची रिकामी पेटी घेतली आणि त्यात सुताचं वेस्टेज भरलं. कारखाना सोडताना मी त्याचं एक पोतं घरी आणलं होतं. भिवंडीत वेस्टेजला कमी नाही. उशा, गाद्या, शेळीच्या करडांचं अंथरूण, सगळ्यात तेच जातं. मांजर त्या पेटीत तासन् तास बसायची, सूत तुडवायची, चाटायची. बायको म्हणायची, ‘बघा, बापाच्या घरी गादीवर लोळते.’ मला बरं वाटायचं.

समोरच्या चाळीत, वरच्या खोलीत, लूमवर काम करणारा एक माणूस बायकोबरोबर राहायचा. उत्तरेकडून आलेला, आल्याला बरीच वर्षं झालेली. छतावर फळ्या आणि जाळी ठोकून त्यानं कबुतरांचा खुराडा केला होता. शिफ्ट संपली की तो तिथंच. गल्ली त्याला कबुतरवाला म्हणायची. मीही इथं तेच म्हणतो.

आमच्या मांजरीनं त्याचं एक कबुतर मारलं. तो खाली आला, पायऱ्यांवर उभा राहिला.

‘चाचा, बिल्ली आपकी है ना?’

‘है तो?’

‘संभाल के रखो. अगली बार हाथ लगी तो छोड़ूँगा नहीं.’

‘बिल्ली को मैं क्या समझाऊँ? तू कबूतर ऊपर रख.’

‘ऊपर ही रखा है, चाचा. इसके ऊपर तो ऊपरवाला रहता है.’

शेजारची पोरं हसली. मीही हसलो असतो, पण तो मला बोलून गेला होता, हे मनात राहिलं. ‘छोड़ूँगा नहीं’ हे शब्द मी नीट जपून ठेवले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी मांजरीनं बांगड्याचं डोकं हुंगलं, ओठ चाटले आणि तोंड फिरवलं. मग उंबऱ्याशी पिवळा फेस ओकली. पुन्हा पुन्हा गिळल्यासारखं करत होती आणि पंजानं तोंड पुसत होती. नंतर पिंपामागे जाऊन पाठ उंच करून बसली. बायको वाकून बघत राहिली.

‘हिला काय तरी झालंय. डॉक्टरकडं नेऊ.’

‘अगं, मांजर आहे ती. गवत खाईल, ओकेल, बरी होईल.’

‘गवत खायला तोंड तरी उघडायला पायजे.’

इथवर माझी चूक कुणाही माणसाची होती. मांजर एखाददा ओकते आणि बरी होते, हे खरंच आहे. दिवसभर वाट बघून संध्याकाळी मी तिला घेऊन गेलो असतो, असं मला वाटतं. पण दुपारी मी खाली उतरलो आणि कबुतरवाल्याच्या जिन्याखाली, गटाराच्या कडेला मला कणकेची गोळी सापडली. बोराएवढी, हळदीनं पिवळी झालेली.

गोळी मी कागदात उचलली. घरी आणून प्लास्टिकच्या डबीत घातली आणि डबी फ्रिजवर ठेवली.

‘काय ठेवलंत वर?’

‘पुरावा.’

‘कशाचा?’

‘ते मी बघतो.’

पुराव्यासाठी मला डबी लगेच सापडली. मांजरीसाठी पिशवी शोधायचं मनात आलं नाही. त्यावेळी मी स्वतःला जी कारणं दिली ती सगळी शहाणपणाची वाटत होती. सरकारी दवाखान्यात बैल आणि बोकड बघतात, मांजरीकडे कोण बघणार. खासगी डॉक्टर सुई टोचून विषाचा मागमूस पुसून टाकेल, मग तो माणूस हात झटकून मोकळा. आणि मी जागेवरून हललो तर तो उरलेल्या गोळ्या उचलेल. म्हणून मी खिडकीत खुर्ची टाकून बसलो. पिंपामागे मांजर बसली होती. मी तिच्याकडे पाठ करून छताकडे बघत होतो.

संध्याकाळी तो छतावर आला. थाळीत कणीक होती. एका पुडीतलं काहीतरी त्यानं कणकेत ओतलं, मळलं, गोळ्या केल्या. पकडलाच, असं वाटलं. गेटवर चोर सापडला की व्हायचा तो जुना आनंद होता तो. मला लाज वाटते, पण आनंदच होता. मग त्यानं एक कबुतर हातात धरलं, चोच उघडली आणि गोळी भरवली. दुसऱ्याला भरवली, तिसऱ्याला भरवली. पुडीत औषध होतं, कबुतरांचं. हे मी डोळ्यांनी बघितलं आणि तरीही मनात म्हणालो, लोकांना दाखवायला करतोय. त्याची नजर माझ्याकडे गेली तेव्हा त्यानं हात वर करून सलाम केला. गुन्हेगार आधी सलाम करतो, असं मी सुपरवायझर असताना नेहमी म्हणायचो.

डबीतल्या गोळीचा तुकडा मी मुंग्यांपुढे टाकून बघितला. मुंग्या आल्या, तुकडा उचलला आणि भिंतीतल्या फटीत घेऊन गेल्या. एकही मेली नाही. मला वाटलं, मुंग्यांना न चढणारं विष असेल. आज हे लिहिताना हसू येतं. त्या दिवशी मी मान डोलावून त्यांच्याकडे बघत होतो.

गल्लीत कुणी तरी सांगितलं की विषावर दूध-तूप पाजावं. मी मांजरीला मांडीत दाबलं आणि चमच्यानं पाजलं. तिनं गुरगुरत मान झटकली. बरंचसं माझ्या लुंगीवर सांडलं, आणि जे आत गेलं ते लगेच उलटून पडलं. फेसात हिरवट पाणी होतं.

‘पडतंय,’ मी म्हणालो, ‘पडतंय विष.’

‘विष पडतंय का तीच पडते, जरा बघा तरी.’

‘पोट साफ होतंय तिचं.’

‘तुमाला काय म्हाइत? तुमी काय तिच्या पोटात जाऊन आलाय?’

मांजर जितकी जास्त ओकत होती, तितकं मला माझं म्हणणं खरं ठरताना दिसत होतं. इतक्या उलट्या म्हणजे विषच, आणि विष बाहेर येतंय म्हणजे उतार पडणार. दोन्ही बाजूंनी मीच बरोबर. जनावर खालावत चाललंय, हा तिसरा अर्थ समोर होता. तो घेतला तर मला खुर्चीवरून उठावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या टपरीवर गेलो आणि सगळं सांगितलं. धमकी सांगितली, गोळी सांगितली, पुडी सांगितली. कबुतरांना भरवताना बघितलं ते सांगितलं नाही. मुंग्यांचंही नाही.

‘काका, पोलिसात जा ना,’ एक जण म्हणाला.

‘पुरावा जमवतोय.’

‘त्यात जमवायचं काय? आज मांजर, उद्या पाण्याच्या टाकीत टाकलं म्हणजे?’

हे टाकीचं मी बोललो नव्हतो. पण बोललेलं मला आवडलं. त्या चाळीचा मालकही तिथं चहा पीत होता. इथलाच जुना माणूस, शेतं गेली तिथं खोल्या बांधलेल्या. त्यानं ग्लास खाली ठेवला. ‘माझ्या चाळीत असलं न्हाय चालायचं,’ म्हणाला आणि उठला.

मी घरी आलो तेव्हा बायको पिंपाजवळ जमिनीवर बसली होती. मांजर वाटीपाशी आलेली. पाण्यावर तोंड धरून बसलेली, अगदी नाक टेकेल इतक्या जवळ, पण जीभ बाहेर काढत नव्हती. तहान लागलेली दिसत होती आणि पिता येत नव्हतं. बायकोनं मला ते दाखवलं नाही. ती उठली, भाजीची कापडी पिशवी रिकामी केली, आत जुनं लुगडं घातलं आणि मांजर उचलून ठेवली. मांजरीनं नखही काढलं नाही.

‘कुठं चाललीस?’

‘तुमी तपास करा. मी हिला दाखवून आणते.’

मी तिच्यामागे गेलो. काळजीनं गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी गेलो ते डॉक्टरवर नजर ठेवायला. विष आहे असं तो म्हणाला तर चार माणसांत सांगायला मी तिथं हजर हवा होतो.

शेअर रिक्षात धामणकर नाक्याला जाईपर्यंत बायको पिशवी छातीशी धरून बसली. नाक्याच्या पुढे, दुकानांच्या वर एक प्राण्यांचा डॉक्टर आहे, हे तिनंच कुणाला तरी विचारून ठेवलं होतं. कधी विचारलं, मला कळलंही नव्हतं.

डॉक्टर तरुण होता. मी टेबलाशी जाताच सुरू केलं, ‘विषबाधा आहे. शेजाऱ्यानं घातलंय. माझ्याकडे पुरावा आहे.’

‘बरं. काका, डोकं धरता? असं, मागून.’

‘तुम्ही आधी विषबाधा लिहून घ्या.’

‘लिहितो. आधी बघू द्या. खायचं कधी सोडलं?’

‘काल...’ मी म्हणालो, ‘काल संध्याकाळपासून.’

‘न्हाय,’ बायको म्हणाली. ‘काल सकाळपासून. आणि कालपासनंच वकते. सारखी.’

डॉक्टरनं मांजरीचा जबडा उघडला आणि अंगठ्यानं जीभ खालून वर केली. मग दिवा ओढून घेतला.

‘काकी, तुमच्याकडे शिवणकाम असतं का?’

‘न्हाय.’

‘मग हा दोरा कुठला?’

जिभेच्या मुळाशी पांढरा धागा अडकला होता. त्यानं खालचं मांस कापलं गेलं होतं. दोन्ही टोकं घशात उतरलेली. माझा हात आपोआप पुढे गेला. लूमवर तुटका धागा दिसला की जातो तसा.

‘ओढू नका!’ डॉक्टर ओरडला. ‘आत आतडं त्याच्यावर गोळा झालं असेल. ओढलंत तर चिरत जाईल.’

पोटाचा फोटो काढला. ऑपरेशन करावंच लागेल, म्हणाला, आणि उशीर झालाय तेव्हा खात्री देत नाही. बायकोनं सही केली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. बाकावर आमच्याशेजारी एक माणूस कोंबडा घेऊन बसला होता. तो कशासाठी आला होता, ते मी विचारलं नाही. त्याच्याकडेही मी संशयानंच बघितलं असेल.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरनं स्टीलच्या ट्रेमध्ये निघालेलं सूत आणून दाखवलं. फुगून करडं झालेलं, लांबच लांब. सोबत कापलेल्या आतड्याचा तुकडा होता, तो त्यानं कापसाखाली झाकला. मी सूत बघितलं आणि मला वास आला. औषधांच्या, रक्ताच्या वासाखालून आला. खळीचा वास. दुसऱ्या कुणाला आला नसता.

सायझिंगमध्ये सुताला नुसती खळ लावली तर ते कडक होऊन तुटतं. म्हणून आमच्या कारखान्यात खळीत चरबी घालायचे, बकऱ्याची. किती घालायची ते मी ठरवायचो आणि समोर उभा राहून घालून घ्यायचो. पिठात कालवलेली चरबी, वर मऊ सूत. मांजरीला याहून चवीचं काय असणार? ती पेटीत बसून चाटायची ते लाडानं नव्हे. मांजरीच्या जिभेवर उलटे काटे असतात, एकदा तोंडात गेलेला धागा तिला थुंकता येत नाही, तो आतच जातो. हे डॉक्टरनं सांगितलं. पण सुतात चरबी असते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सगळ्या गल्लीत ते माहीत असणारा मी एकटा होतो, आणि ते सूत तिच्या अंगाखाली मीच घातलं होतं.

‘मांजर दिवसभर काही खात नसेल आणि ओकत असेल,’ डॉक्टर म्हणाला, ‘तर थांबायचं नसतं. पाणी सुटलं तर मुळीच नाही. का झालं ते मागून शोधता येतं. काल आणली असतीत तर कदाचित आतडं कापावं लागलं नसतं.’ मग कागद पुढे ओढून त्यानं विचारलं, ‘विषबाधेचं काय लिहू?’

मी म्हणालो, ‘राहू द्या.’

बायको माझ्याकडे बघत होती. ती रागावली नव्हती. मी पुढे काय करतो एवढंच ती बघत होती.

मांजर रात्रभर तिथंच ठेवायची होती. आम्ही परतलो तेव्हा गल्लीत फळ्या पडल्या होत्या. पिसं होती, जाळी गटारात लोंबत होती. आम्ही नसताना पोरं छतावर चढली होती. कबुतरं उडाली ती उडाली. उडून जाऊ नयेत म्हणून ज्यांचे पंख बांधलेले होते त्यांचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. कबुतरवाला जिन्यावर बसला होता, त्याची बायको वरून काहीतरी ओरडत होती, आणि चाळमालक कमरेवर हात ठेवून उभा होता.

‘काका, काय म्हणाला डॉक्टर?’ कुणी तरी विचारलं. सगळे वळले. तोही वळला.

माझ्याकडे खरं उत्तर होतं. सूत होतं, आमचंच सूत. चार शब्दांचं काम.

मी म्हणालो, ‘वाचेल.’

लोकांनी ते विषातून वाचेल असं ऐकलं, आणि तसंच ऐकलं जाईल हे मला बोलतानाच माहीत होतं. एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. कबुतरवाल्यानं खाली मान घातली.

घरात येऊन बायकोनं दार लावलं.

‘सांगितलं न्हाय तुमी.’

‘आता सगळे तापलेत. उद्या सांगतो.’

‘मी न्हाय सांगणार. तुमी पेरलंय, तुमीच उपटा.’

‘सांगतो म्हटलं ना.’

तिनं आंब्याची पेटी उचलली, पोतं ओढलं आणि दोन्ही कचऱ्यात टाकून आली. उद्या आला आणि गेला. त्या आठवड्यात कबुतरवाल्याला खोली खाली करावी लागली. सामान टेम्पोत चढवताना त्यानं एकदाही आमच्या खिडकीकडे बघितलं नाही. मी मात्र पडद्याआडून बघत होतो, तो जाताना काही करून तर जात नाही ना म्हणून. सगळं कळल्यावरही. संशय एकदा हाडात मुरला की खरं कळल्यानं जात नाही, हे मला तेव्हा समजलं.

मांजर जगली. बारीक झाली, थोडं थोडं खायची, पण जगली, आणि त्यामुळे खोटं जास्तच पक्कं झालं. विषातून वाचलेली मांजर म्हणून बायका तिला बघायला यायच्या. कुणी आलं की मी चपला घालून बाहेर जायचो. बायको कधीच हो म्हणाली नाही आणि कधी नाहीही म्हणाली नाही. ती माझी वाट बघत होती. पुढे पुढे मला तिचाही संशय येऊ लागला, की आता ही वाट बघत नाही, नुसती माझं मोजमाप घेते.

मग काही वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात आमच्या मागच्या घरातली एक बाई दाराशी आली. मुलांच्या शिकवण्या घेते, एकटी राहते. तिचा कुत्रा पडून होता. नाकातून रक्त येत होतं, खात नव्हता.

‘काका, नक्की घातलंय कुणी तरी. खालच्या गॅरेजवाल्याशी परवाच वाजलंय माझं. तुमच्या मांजरीला तुम्ही काय पाजलं होतं? दूध-तूपच ना? आणि पुरावा कसा ठेवलात?’

ती मला तज्ज्ञ समजून आली होती. माझ्यामागे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

‘काही पाजू नको,’ मी म्हणालो. ‘रिक्षा बोलव. नाक्यावर डॉक्टर आहे.’

‘पण आधी गॅरेजवाल्याला...’

‘गॅरेजवाल्याचं सोड. आमच्या मांजरीला विष नव्हतं घातलं.’

ती हसली. ‘काका, काहीही काय!’

‘सूत गिळलं होतं तिनं. माझ्या पोत्यातलं. मला त्याच दिवशी कळलं होतं.’

आवाज चढला असणार, कारण दोन-तीन दारं उघडली. चहाच्या टपरीवरचा एक जण पुढे आला.

‘काका, त्या कबुतरवाल्यानं धमकी दिली का तुम्हाला? घाबरून बोलताय ना?’

‘नाही.’

‘मग आत्ता कुठून सुचलं हे? चला विचारू डॉक्टरला.’

‘तो काय खरं सांगणार? पैसे खाल्ले असतील,’ दुसरा म्हणाला.

मी जे त्यांना शिकवलं होतं ते ते मला परत देत होते. तेवढ्यात बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

‘मी व्हते तिथं. सूत निघालं. ह्यांच्याच कारखान्याचं. आता पोरीला रिक्षात बसवा आधी, कुत्रं मरल.’

आम्ही तिघं कुत्र्याला चादरीत घेऊन गेलो. गोचिडांनी येणारा ताप निघाला. वेळेत आणलं म्हणून बरा होईल, असं डॉक्टर म्हणाला. परत येताना ती बाई रिक्षात कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, ‘मग तेव्हा का नाही बोललात?’ प्रश्न दोघांना होता. बायकोनं बाहेर बघितलं. मी सांगितलं, ‘मांजर वाचली होती. मला वाटलं, आता कुणाचं काय अडलंय.’ उतरताना तिनं माझा हात घेतला नाही, एकटीनं कुत्र्याला उचललं.

दोन-चार दिवसांनी मी वडप्याला गेलो. लूम सोडून कबुतरवाला तिथल्या एका गोदामात माल उतरवायला लागलाय, असं कळलं होतं. कंटेनरांच्या रांगेत त्याला शोधायला वेळ लागला. त्यानं मला ओळखलं आणि हातातली खोकी खाली ठेवली नाहीत.

मी सगळं सांगितलं. हिंदीत सांगताना शब्द कमी पडत होते, ते एका परीनं बरंच झालं.

‘मेरे को क्यूँ बता रहे हो?’ तो म्हणाला. ‘मैंने नहीं डाला, ये तो मेरे को मालूम है.’

‘गली में भी बोल दिया.’

‘माना किसी ने?’

‘थोड़े लोगों ने.’

तो हसला नाही. खोकी नेऊन ठेवली आणि गमछ्यानं तोंड पुसत परत आला. मधल्या काळात आपण कामतघरला खोली बघत फिरलो, पण प्रत्येक मालक कुणा ना कुणाला विचारतो आणि नाही म्हणतो, असं त्यानं सांगितलं. त्याची बायको गावी गेली ती तिकडेच आहे.

मी म्हणालो, मी येतो बरोबर, प्रत्येक मालकाला मी सांगतो.

‘आप?’

‘हाँ.’

त्यानं मला खालून वर बघितलं. माझी चप्पल, माझी पिशवी, माझा खिसा.

‘इतने साल बाद,’ तो म्हणाला. ‘किसने भेजा?’

‘कोई नहीं. खुद आया.’

‘किसने भेजा, चाचा?’

मी पुन्हा तेच सांगितलं. तो ऐकत होता असं नाही. माझ्या खांद्यावरून तो मागच्या रस्त्याकडे बघत होता, माझ्याबरोबर आणखी कोण आलंय ते शोधत.